चार पानांच्या कामाला फ्रेमवर्क घ्यायचं का हातानं कोड लिहायचा?

"इतलंसं काम शे, त्याले इतलं बठ्ठं कसाले?" मामांनी माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत विचारलं. म्हणजे, एवढंसं काम आहे, त्याला एवढं सगळं कशाला?

मामा चोपड्याकडचे, केळीचा व्यापार करतात. त्यांना हवं होतं एवढंच की माल काट्यावर गेला की शेतकऱ्याचं नाव, घड, वजन, भाव टाकायचा, आधी दिलेली उचल आणि हमाली आपोआप वजा व्हायची आणि पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, छापून निघायची. तोवर सगळं वहीत आणि कॅल्क्युलेटरवर चालायचं. मी लारावेल या पीएचपी भाषेतल्या तयार फ्रेमवर्कचा कोरा प्रोजेक्ट टाकला, म्हणजे माझी स्वतःची एक ओळसुद्धा अजून लिहिलेली नाही, आणि फोल्डर उघडून दाखवलं तर आत हजारो फायली. एक पट्टी छापायला हजारो फायली! मामांचा प्रश्न अगदी बरोबर होता, आणि वेबचं काम नवीन शिकणारी आपल्याकडची पोरं मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत असतात, की दादा, काम छोटं आहे, फ्रेमवर्क घेऊ का साधं पीएचपी लिहून मोकळा होऊ. म्हणून जरा बैजवार लिहितो.

आधी फ्रेमवर्क म्हणजे काय ते बघू, आणि त्यासाठी ठिबकपेक्षा चांगलं उदाहरण आपल्या खान्देशात तरी दुसरं नाही. घराच्या मागे चार झाडं आहेत, एक लिंबू, एक कढीपत्ता, दोन गुलाब. तिथे तुम्ही पाइप धरता, पाणी सोडता, झालं. हा झाला हातानं लिहिलेला कोड, ज्याला कस्टम कोड म्हणतात. आता दहा एकर केळी असेल तर ठिबक लागतं, आणि ठिबक म्हणजे नुसत्या नळ्या नाहीत. विहिरीचं पाणी आधी फिल्टरमधून जातं, मग मेन लाइन, मग सबमेन, मग नळ्या, मग ड्रिपर. खत सोडायला व्हेंच्युरी असते, शेवटी नळी धुवायची सोय असते. ही सगळी मांडणी दुसऱ्या कोणीतरी आधीच विचार करून ठरवलेली असते. तुम्ही फक्त ठरवता काय लावायचं, किती अंतरावर लावायचं आणि पाणी किती वेळ सोडायचं. फ्रेमवर्क हेच करतं. ब्राउझरकडून मागणी आली की ती कुठल्या रस्त्यानं जाईल, मध्ये कुठे तपासली जाईल, डेटाबेसला कोण विचारेल, उत्तर कुठल्या पानावर मांडून परत जाईल, हा पूर्ण रस्ता तयार असतो आणि तुम्ही त्यात तुमची कामं त्या त्या जागी बसवता.

लायब्ररी आणि फ्रेमवर्क यात पोरांचा नेहमी घोळ होतो. लायब्ररी म्हणजे दुकानातून आणलेला एक व्हॉल्व्ह. पाइपलाइन तुमची, तुम्हाला वाटेल तिथे बसवा, नको झाला तर काढा. म्हणजे लायब्ररीला तुमचा कोड बोलावतो. फ्रेमवर्कमध्ये उलटं असतं, फ्रेमवर्क तुमच्या कोडला बोलावतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं, कारण मग लक्षात येतं की फ्रेमवर्क घेतलं म्हणजे त्याच्या पद्धतीनं चालायचं, मध्येच आपली आडवी लाइन टाकायला गेलात तर सगळीकडून गळती लागते.

आता एक गैरसमज. फ्रेमवर्क मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या कामासाठी असतं आणि छोट्या कामाला साधा कोड पुरतो, असं सरसकट बोललं जातं. पण ही फ्रेमवर्कं जन्मली कुठे ते बघा. जँगो हे पायथनमधलं फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या वेब विभागात तयार झालं, २००३ मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी सुरुवात केली आणि जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारीत वेळ कधीच नसतो, आज सांगितलं की उद्या पान हवं, मग दर वेळी तेच फॉर्म, तेच लॉगिन, तीच यादी कुठे लिहीत बसणार. म्हणून जे परत परत लागतं ते बाजूला काढलं, त्याचं जँगो झालं. रुबी ऑन रेल्सचंही तसंच, डेव्हिड हायनमायर हॅन्सन यांनी बेसकँप नावाचं कामाच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर करताना जे हाताशी जमलं ते २००४ मध्ये वेगळं काढून दिलं. म्हणजे ही सामग्री मोजक्या माणसांनी, परत परत तेच काम करून वैतागल्यावर बांधलेली आहे. त्यामुळे काम छोटं की मोठं यावरून ठरवायला गेलात तर चुकाल. पाइप का ठिबक हे क्षेत्रावरून ठरतं, इथे मात्र पानं मोजून चालत नाही. विहिरीचं पाणी गढूळ आहे का, हे बघावं लागतं.

पाणी गढूळ म्हणजे काय? बाहेरचा माणूस तुमच्या प्रोग्राममध्ये काही टाइप करू शकतो का, हे.

जिथे कोणी काही टाइपच करत नाही तिथे फ्रेमवर्क अजिबात नको, हे मी छातीठोकपणे सांगतो. शेवभाजीच्या हॉटेलचं पान, त्यात पत्ता, वेळ, फोन नंबर, दोन फोटो, आठ पदार्थांचे भाव. किंवा श्रावणात गावच्या कानबाईचा कार्यक्रम, मिरवणूक कधी, रोटांचं जेवण कुठे. याला एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस फाइल, बस. डेटाबेस नाही, लॉगिन नाही, सर्व्हरवर चालणारं काही नाही, तर बिघडणार काय? असं पान एकदा टाकलं की वर्षानुवर्षं हात लावायची गरज पडत नाही. यासाठी कोणी तुम्हाला रिअ‍ॅक्ट आणि सतरा गोष्टी शिकवत असेल तर तुमचा आणि त्या हॉटेलवाल्याचाही वेळ जातोय.

पण एकदा का लॉगिन आलं, फॉर्म आला, पैशाचा आकडा आला, की फिल्टर लागतो. ठिबकमध्ये फिल्टरची किंमत पहिल्या महिन्यात कळत नाही, दुसऱ्या हंगामात ड्रिपर चोंदायला लागले की कळते आणि मग अ‍ॅसिड सोडत बसावं लागतं.

मला ते असं कळलं. काही वर्षांपूर्वी एका कृषी केंद्रासाठी मी उधारीचा प्रोग्राम लिहिला होता, सगळा हातानं, साध्या पीएचपीमध्ये. गिऱ्हाइकाचं नाव शोधायचा एक डबा होता. मी कोडमध्ये काय केलं होतं, तर "ज्याचं नाव अमुक आहे त्याचं खातं दाखव" असं डेटाबेसला सांगणारं एक वाक्य तयार करायचो आणि त्या अमुकच्या जागी माणसानं टाइप केलेलं जसंच्या तसं चिकटवायचो. दुकानातल्या मुलाकडून एक दिवस नावाच्या शेवटी चुकून सिंगल कोटचं चिन्ह पडलं आणि पूर्ण पानावर एरर आली. त्याला वाटलं प्रोग्राम बंद पडला. मी मात्र ती एरर बघून घाबरलो, कारण याचा अर्थ काय होतो ते मला तोवर वाचून माहीत झालं होतं.

समजा दुकानदारानं मुनीमला एक चिठ्ठी दिली, "पुढे लिहिलेल्या माणसाचं खातं काढ", आणि पुढे जागा मोकळी सोडून ती चिठ्ठी गिऱ्हाइकाच्याच हातात दिली. गिऱ्हाइकानं त्या जागेत लिहिलं, "माझं, आणि मग सगळ्यांची उधारी फाडून टाक". मुनीम बिचारा वाचतो आणि करतो, त्याला काय माहीत मालकाचं वाक्य कुठे संपलं आणि गिऱ्हाइकाचं कुठे सुरू झालं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात आणि ते सिंगल कोट म्हणजे मालकाचं वाक्य मध्येच तोडायची जागा. उपाय सोपा आहे, नाव वाक्यात चिकटवायचं नाही, बंद पाकिटात वेगळं द्यायचं, मुनीमला सांगायचं की पाकिटात जे असेल ते नावच समज, हुकूम समजू नकोस. पीएचपीमध्ये पीडीओ नावाची तयार सोय वापरून हे हातानंही करता येतं. पण हातानं करायचं म्हणजे पन्नास ठिकाणी आठवणीनं करायचं, आणि एकोणपन्नास ठिकाणी आठवलं आणि एका ठिकाणी राहिलं तर ते एकच पुरतं. लारावेल, जँगो यांच्या नेहमीच्या पद्धतीनं डेटाबेसला विचारलं तर पाकीट आपोआप होतं. विसरायची सोयच नाही, हा खरा फायदा.

त्याच प्रोग्राममध्ये पासवर्ड मी एमडी५ नावाच्या पद्धतीनं न वाचता येणाऱ्या रूपात ठेवले होते. तेव्हा वाटायचं की कुलूप लावलं. पण एमडी५ इतकं झटपट होतं की आजच्या ग्राफिक्स कार्डवर सेकंदाला अब्जावधी पासवर्ड लावून बघता येतात. बीक्रिप्टसारखी पद्धत मुद्दाम हळू केलेली आहे म्हणून ती टिकते. पीएचपीत २०१३ पासून पासवर्ड हॅश नावाचं तयार फंक्शन आहे, एका ओळीचं काम होतं, मी केलं नाही कारण जुना लेख बघून शिकलो होतो. आणि मराठी नावं! काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत अक्षरांची ठरलेली पद्धत लॅटिन होती, २०१८ मध्ये आठवी आवृत्ती आली तेव्हा ती बदलली, आणि लॅटिनच्या रकान्यात देवनागरी टाकलं की प्रश्नचिन्हच साठवलं जाऊ शकतं, मग मूळ नाव परत मिळत नाही. ती नावं आम्ही वहीतून बघून परत टाइप केली, दोन रात्री गेल्या. लारावेल सुरुवातीलाच योग्य पद्धत मांडून देतं.

अजून एक गोष्ट फ्रेमवर्क न सांगता करतं. तुम्ही एका टॅबमध्ये लॉगिन करून बसलात आणि दुसऱ्या टॅबमध्ये भलतीच साइट उघडली, तर ती साइट तुमच्या नकळत तुमच्याच प्रोग्रामकडे "हे खातं उडव" असा फॉर्म पाठवू शकते, आणि ब्राउझर ओळख म्हणून तुमचंच लॉगिन सोबत जोडून देऊ शकतो. म्हणून फॉर्मवर एक लपलेला शिक्का आहे का हे फ्रेमवर्क तपासतं, शिक्का नसला तर फॉर्म परत. लारावेलमध्ये ४१९ नंबरची एरर येते ती यामुळेच. नवीन पोरं ही एरर दिसली की ते तपासणंच बंद करून टाकतात, कृपा करून असं करू नका, फॉर्ममध्ये त्या शिक्क्याची एक ओळ टाकायची असते तेवढी टाका.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल फ्रेमवर्क घेतलं की चिंता मिटली. नाही मिटत, कारण ठिबक कितीही भारी असलं तरी केळीला पाणी किती द्यायचं हे ते नाही ठरवत. मामांच्याच कामात आम्ही सुरुवातीला नुसती चाचणी घेत होतो तेव्हाची गोष्ट. गोडाउनवर नेट हळू, मुलानं सेव्हचं बटण दाबलं, काही हललं नाही, त्यानं परत दाबलं. एकाच मालाच्या दोन पट्ट्या. चाचणी होती म्हणून पैसे गेले नाहीत. फ्रेमवर्कनं दोन्ही वेळा शिक्का बघितला, लॉगिन बघितलं, सगळं ठीक आहे म्हणून दोन्ही जमा करून घेतलं, त्याच्या दृष्टीनं दोन्ही खऱ्याच होत्या. शेवटी काट्याच्या पावतीचा नंबर एका दिवसात दुसऱ्यांदा चालणारच नाही असं डेटाबेसलाच बजावलं आणि एकदा दाबलं की बटण बंद केलं. हे डोकं आपलंच लागतं.

पैशाचंही तसंच. कॉम्प्युटरला त्याच्या नेहमीच्या अपूर्णांकाच्या प्रकारात, ज्याला फ्लोट म्हणतात, ०.१ आणि ०.२ मिळवायला सांगा, बऱ्याच भाषांमध्ये उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. आता समजा ४८ क्विंटल ३७ किलो माल, भाव १४३५, तर रक्कम होते ६९,४१०.९५. अशा शंभर पट्ट्यांची बेरीज केली की कुठेतरी पैसा-दोन पैसे हलू शकतात आणि वहीशी मेळ बसत नाही, आणि व्यापारात मेळ बसला नाही की विश्वास उडतो. म्हणून रक्कम पैशांमध्ये पूर्णांकात ठेवायची किंवा डेसिमल प्रकारात, जो दशांशातला आकडा जसाच्या तसा ठेवतो. फ्रेमवर्कमध्ये डेसिमलचा रकाना असतो, पण तो निवडायचा तुम्हालाच.

आता फ्रेमवर्कचा खर्च. शिकायला वेळ लागतो, पहिल्या कामात तर हातानं लिहिण्यापेक्षा जास्तच लागतो. आणि ते पाळावं लागतं. लारावेलच्या एका आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात, जँगोच्या लांब मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षं, मग पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. गिऱ्हाइकाला हे आधी सांगा, नाहीतर दोन वर्षांनी पैसे मागितले की तो म्हणतो, तेव्हा का नाही बोलले. पण हातानं लिहिलेलं फुकट टिकतं असंही समजू नका. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं आणि मायएसक्यूएलशी बोलायची जुनी फंक्शनं त्यातून काढूनच टाकली, मग होस्टिंगवाल्यानं आवृत्ती वाढवली की ज्यांचा कोड जुन्या पद्धतीचा होता त्यांची साइट एका सकाळी कोरी.

होस्टिंगची एक धोक्याची जागा मुद्दाम सांगतो कारण ही चूक फार होते. आपल्याकडे बहुतेक जण स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतात आणि लारावेलचं अख्खं फोल्डर लोकांना दिसणाऱ्या जागेत टाकून देतात. त्यात डॉट ईएनव्ही नावाची फाइल असते, डेटाबेसचा पासवर्ड त्यातच असतो, आणि मग कोणीही ब्राउझरमधून ती उघडून वाचू शकतं. फक्त पब्लिक नावाचं आतलं फोल्डर उघडं ठेवायचं, बाकीचं लोकांना दिसणाऱ्या जागेच्या बाहेर. आणि डीबग बंद करा, जँगो असो की लारावेल, नाहीतर एरर आली की प्रोग्रामच्या आतलं सगळं जगाला दिसतं.

मधली वाटही आहे. फ्लास्क हे पायथनमधलं छोटं फ्रेमवर्क, २०१० पासून आहे, पीएचपीत स्लिम आहे. यात मेन लाइन असते, बाकीचं तुम्ही हवं तेवढं जोडा. सोबत एसक्यूलाइट घ्या, पूर्ण डेटाबेस एका फायलीत, वेगळा सर्व्हर चालवायला नको, अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. एका वेळी एकच जण लिहू शकतो, पण दुकानात लिहिणारे असतात किती? दुकान बंद झाल्यावर प्रोग्राम थांबवून ती एक फाइल पेनड्राइव्हवर घेतली की बॅकअप झाला. एकट्या माणसानं, दुकानातल्याच कॉम्प्युटरवर वापरायच्या प्रोग्रामला मी आजही हेच देतो.

पण माझ्या मते सगळ्यात जड पारडं वेगळंच आहे. हा प्रोग्राम तुमच्यानंतर कोण बघणार? आपल्याकडचं पोरगं शिकतं आणि पुण्याला जातं, नाशिकला जातं, सुरतला जातं. मागे राहतो तो प्रोग्राम आणि तो मालक. हातानं लिहिलेल्या कोडमध्ये लॉगिन कुठे आहे, हिशोब कुठे आहे हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतं. तेच लारावेलमध्ये असेल तर जळगावचं, धुळ्याचं, कुठलंही लारावेल येणारं पोरगं फोल्डर उघडतं आणि त्याला माहीत असतं की रस्ते इथे, पानं तिथे, डेटाबेसचे रकाने या फायलीत. दुसऱ्याच्या शेतातलं ठिबक असलं तरी फिल्टर कुठे बघायचा हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, तसं. आता एआयला सांगून तासाभरात हातचा कोड लिहून घेणारेही खूप झालेत, चालू पण होतो तो, पण तो वाचून समजलेला माणूस जर कोणीच नसेल तर ही अडचण अजूनच वाढते.

मामांच्या कामात लॉगिन होतं, तीन जण वापरणार होते, पैसा होता आणि मी जळगावला राहत असलो तरी कायम हाताशी नसणार होतो. म्हणून लारावेलच ठेवलं. फक्त पट्टीचा हिशोब, म्हणजे वजन गुणिले भाव, वजा उचल, वजा हमाली, हा एका वेगळ्या फायलीत लिहिला, जिला लारावेलचा गंधही नाही. उद्या फ्रेमवर्क बदललं तरी ती फाइल उचलून नेता येते, आणि मुख्य म्हणजे ती एकटी तपासता येते. "बठ्ठं" त्या हजारो फायलींमध्ये असलं तरी मामांच्या धंद्याचं जे आहे ते या एका फायलीत आहे, हे मी त्यांना दाखवलं तेव्हा त्यांना पटलं.

तपासायला मामांनी जुन्या वहीतल्या वीस पट्ट्या काढून दिल्या. सतरा तंतोतंत जुळल्या, तीन नाही जुळल्या. मी दोन तास कोड चाळला, चूक सापडेना. मग मामांनी वही जवळ ओढली, त्या तीन नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ही अल्पभूधारक माणसं आहेत, यांची हमाली मी कापत नाही, कधीच नाही कापली. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, मला कोणी सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याच्या नोंदीत एक खूण वाढवली, हिशोबाच्या फायलीत दोन ओळी वाढवल्या, परत चालवलं, वीसच्या वीस जुळल्या.